सांगतलं ते चुकलं

बातमी आली तेव्हा मी तिसरीच्या वर्गात हजेरी घेत होते. फोन रऊफचा होता. रऊफ म्हणजे आमच्या गावात हातगाडीवर भाजी विकणारा. म्हणाला, "मॅडम, कोतवाल काका गेले. सकाळी चहा घेतला, खाटेवर टेकले, तसेच गेले. मी खाटेपाशीच उभा हाय. डॉक्टरले बलावलं, त्यानं पाह्यलं. मंग काकीले इचारलं, सुनंदाले सांगू काय? काकी म्हने, सांग. म्हनून फोन केला." दुसऱ्या कोणी माणूस गेल्याची खबर अशी पंचनाम्यासारखी ओळीनं दिली असती तर मी त्याला फोनवरच झापलं असतं. पण रऊफ असा का बोलतोय ते मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच पोरांसमोर रडू फुटलं. एक पोरगी उठली आणि तिच्या पाण्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवून गेली. आज त्याला पाच आठवडे झाले. लिहायला बसते आणि उठते, बसते आणि उठते… आज ठरवलंय की उठायचं नाही.

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शामराव. बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावाचे कोतवाल. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मोठेबाबा आणि मोठाईला लेकरू नव्हतं. त्या दोघांनी मला वाढवलं, आणि 'आमी पोसलं' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. सायकलच्या कॅरिअरवर बसवून मोठेबाबा मला बाभुळगावच्या शाळेत सोडायचे. चढ आला की मी उतरायची, ते उतरायचे नाहीत. "कोतवाल पायी चालला तर लोक म्हनते, कोनाची जप्ती आली," असं त्यांचं म्हणणं. त्या सायकलवर बसून शिकले आणि मास्तरीण झाले. आज कळंब तालुक्यात नोकरी करते आणि लोकांना अक्कल शिकवते, ती सवय तेवढी माझी स्वतःची.

आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा गावकीची कामं सोडली आणि डफडंही सोडलं. माझ्या पोराच्या गळ्यात हे पुन्हा दिसलं तर घरात पाय ठेवणार नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. पुढे मोठेबाबांची कोतवाल म्हणून सरकारी नेमणूक झाली, तेव्हा गावातल्या काही जुन्या खोडांना वाटलं, आता दवंडीच्या निमित्तानं डफडं येते वापस. मोठेबाबांनी पहिल्याच दिवशी पटवाऱ्याला सांगून टाकलं, "साहेब, दवंडी देतो. वाजवणार काहीच नाही." आणि तीस वर्षं नुसत्या आवाजावर गाव जागवलं. गावात आठ ठिकाणं ठरलेली. ग्रामपंचायतीपासून सुरुवात, मग हापशी, विहार, मशिदीचा कोपरा, असं करत शेवट वरच्या आळीत. प्रत्येक ठिकाणी सायकल उभी करायची, गमछा नीट करायचा, आणि "ऐका हो…" तो आवाज विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायांपर्यंत जायचा.

पण आवाजापेक्षा त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. पटवारी जे सांगेल ते ते दोनदा ऐकून घ्यायचे, मग पटवाऱ्याला म्हणून दाखवायचे, आणि तो 'बरोबर' म्हणाला की मगच निघायचे. वाटेत कोणी खोदून विचारलं, "कोतवाल, वसुली किती दिवस चालंन? साहेब कोनता येऊन राह्यला?" तर एकच उत्तर, "मले एवढंच सांगतलं हाय." मी लहानपणी एकदा विचारलं होतं की तुम्हाला माहीत असतं, तरी का सांगत नाही? ते म्हणाले, "बाई, दवंडी म्हंजे बंद पाकीट. पोस्टमन त्यात आपली चिठ्ठी टाकते काय?" आमच्या घरात जमीन नव्हती, दागिना नव्हता. त्या माणसाची आयुष्यभराची मिळकत एकच, की शामराव कोतवाल बोलला म्हणजे ते तसंच आहे. गावात भांडणं व्हायची ती सुद्धा "शामरावनं सांगतलं काय?" इथे येऊन मिटायची.

ते निवृत्त झाल्यावर टीव्ही मीच घेऊन दिला. दिवसभर बसून करमत नाही म्हणत होते. आता वाटतं, त्या पेटीबरोबर चार गोष्टी समजावूनही द्यायला हव्या होत्या. पण ज्यानं आपल्याला शिकवलं त्याला आपण काय शिकवणार, असं तेव्हा वाटलं असावं. मोठेबाबा टीव्हीसमोर रेलून कधी बसले नाहीत. संध्याकाळी हातपाय धुऊन, टोपी घालून, ताठ. बातम्यांनंतर ते चौकटीचौकटीत बसलेले जाणकार यायचे, एकमेकांवर ओरडायचे, आणि मोठेबाबा मान डोलवत "हो साहेब… बरोबर हाय साहेब" म्हणायचे. दोन जाणकार एकमेकांच्या उलट बोलले तरी दोघांनाही हो साहेब. मोठाई आतून म्हणायची, "त्याईले आयकू जाते काय तुमचं?" एका वैद्यानं सकाळी दुधीचा रस प्यावा असं सांगितलं, तर घरात सहा महिने दुधीचा रस. मी सुटीत गेले की मलाही पेलाभर. एकदा भर उन्हाळ्यात हवामानाचा कोणी पंडित म्हणाला की आज दुपारनंतर वादळी पाऊस. मोठेबाबांनी सगळ्या आळीच्या वाळत घातलेल्या मिरच्या उचलायला लावल्या. दिवसभर असं ऊन पडलं की दगड तडकावा. आळीतल्या बायांनी त्यांना चार दिवस 'काय कोतवाल, पाऊस आला काय?' म्हणून छळलं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "पाऊस कुटं तरी पडला असंन," एवढंच म्हणाले.

मी मात्र रागवायची. मला चटकन राग येतो, आणि अडाणीपणाचा तर फारच. एकदा त्यांच्या हातातून रिमोट घेऊन मी म्हणाले, "मोठेबाबा, हे लोक कशाच्या जोरावर बोलतात? एवढं कशाला ओरडतात?" ते शांतपणे म्हणाले, "सुनंदा, मी तीस वर्सं दवंडी देल्ली. एक तरी खोटी निंगाली काय? मी एका गावाले सांगत होतो तरी दोनदा इचारून घेत होतो. थो तर साऱ्या देसाले सांगून राह्यला. त्यानं किती वेळा इचारून घेतलं असंन." आणि ओरडण्याबद्दल म्हणाले, "जोरात तवाच बोला लागते जवा खबर महत्त्वाची असते." मी त्यावर हसले. त्यांच्या तोंडावर हसले… आज ते आठवलं की माझंच मला तोंड पाहावंसं वाटत नाही. तो माणूस भोळा नव्हता. ज्या मोजमापानं स्वतः आयुष्यभर वागला, त्याच मापानं तो जगाला मोजत होता. एवढ्या मोठ्यानं खोटं बोलता येतं, हेच त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग ते बिमारीचं वर्ष आलं. सगळं बंद. गावात नवा कोतवाल होता, पण तो तालुक्याच्या कामात अडकलेला. ग्रामपंचायतीनं मोठेबाबांना बोलावलं: काका, लोक आमचं ऐकत नाहीत, तुम्ही आठ ठिकाणी सांगा. वय सत्तरीच्या पुढे, मी फोनवर नको नको म्हणत होते, पण त्यांच्या अंगात वारं शिरलं. तोंडाला गमछा, हातात सायकल, आणि रोज सकाळी, "ऐका हो… घराच्या भायेर निंगू नोका, हात धुवा, तोंड झाका…" मोठाई सांगायची, दहा वर्षांनी लहान झाला म्हातारा.

आणि संध्याकाळी टीव्ही. बाहेर जाता येत नव्हतं तर तो टीव्ही दिवसदिवस चालायचा. एका रात्री त्यातला एक कोटवाला जाणकार टेबलावर हात आपटून सांगू लागला की ठेलेवाले भाजीवर थुंकून बिमारी पसरवतात. कोणते ठेलेवाले, तेही सांगायला तो विसरला नाही. मोठेबाबांना त्या रात्री नीट झोप लागली नाही म्हणे. सकाळी ते निघाले, ग्रामपंचायतीसमोर उभे राहिले, रोजचं सगळं सांगितलं… आणि शेवटी, तीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. आपल्या मनानं एक वाक्य जोडलं: "आन् गाडीवरची भाजी घेऊ नोका, त्यातून बिमारी येऊन राह्यली." आठही ठिकाणी.

गावात गाडी एकच होती. रऊफची. त्याचा बाप आठवडी बाजारात टरबुजं विकायचा, आणि रऊफ लहान असताना मोठेबाबांच्या याच सायकलच्या दांडीवर बसून बाजारातून घरी यायचा. त्या सकाळी रऊफ गाडी घेऊन निघाला तर दारं बंद. दुसऱ्या दिवशीही. वांगी सुकली, पालक काळा पडला. वरच्या आळीत कोणी तरी त्याला दुरूनच हात हलवून 'जाय, जाय' केलं, जसं ढोराला करतात. तिसऱ्या दिवशी तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला, लांब, मोगऱ्याच्या कुंडीच्या पलीकडे. मोठेबाबा बाहेर आले. हे सगळं मला मोठाईनं सांगितलं आहे, आणि सांगताना प्रत्येक वेळी ती तितकीच सांगते, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. रऊफ म्हणाला, "काका, टीव्ही तर माह्याबी घरी हाय. थो रोज बोंबलते. त्याच्यानं गाव बंद नाही झालं. तुमी बोलले तवा झालं." आणि गाडी ढकलत निघून गेला.

त्या दुपारी मोठेबाबांचा मला फोन आला. "सुनंदा, असं खरंच होते काय वं? थुंकते काय लोकं?" मी विचारलं, "तुम्ही पाहिलं?" "नाही." "गावात कोणी पाहिलं?" "नाही… टीव्हीवाल्यानं पाह्यलं असंन ना." "त्याला विचारलं तुम्ही?" मग मी जे बोलले ते इथे सगळं लिहिणार नाही. शेवटचं वाक्य असं होतं की आयुष्यभर जमवलेला शब्द तुम्ही एका सकाळी उकिरड्यावर टाकला. त्यांनी फोन ठेवला. मी बरोबर होते, आणि बरोबर असण्याचा मला तेव्हा चांगलाच आनंद झाला होता, हेही कबूल करून टाकते.

दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. टीव्ही बंद. ग्रामपंचायतीनं निरोप पाठवला तर तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. खाटेवर बसून आढ्याकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मोठाई म्हणाली, "मंग वापस घ्या ना." ते म्हणाले, "काय?" "दवंडी. मागं नाही का घेतली व्हती, शिबिराच्या वक्ती." ती गोष्ट खरी होती. कधी काळी पटवाऱ्यानं डोळ्यांच्या शिबिराचा वार चुकीचा सांगितला होता, आणि मोठेबाबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा आठही ठिकाणी जाऊन 'काल सांगतलं ते चुकलं' म्हणून नवा वार सांगितला होता. गावाची रीतच होती ती: जिथे चुकीचं सांगितलं तिथेच उभं राहायचं, त्याच तोंडानं मागे घ्यायचं. मोठेबाबा म्हणाले, "तवा चूक पटवाऱ्याची व्हती." मोठाईनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "आता तुमची हाय. मंग तर अदुगर जा लागते."

ते आधी रऊफच्या घरी गेले. दारातूनच म्हणाले, "चाल संगं, मी बोलतो, तू उभा राहाय." रऊफ म्हणाला, "मी काहून येऊ काका? चूक माही नाही." मोठेबाबा म्हणाले, "बराबर हाय," आणि एकटे निघाले. सायकल घेतली नाही. पायी. ग्रामपंचायतीसमोर उभे राहिले आणि आवाज काढायला गेले तर निघेना. दोनदा खाकरले. मग म्हणाले, "ऐका हो… त्या दिवशी मी गाडीवरच्या भाजीचं सांगतलं. ते मी पाह्यलं नव्हतं. कोनाले इचारलं नव्हतं. मले कोनं सांगाले लावलं नव्हतं. टीव्हीत आयकलं आन् आपल्या मनानं जोडलं. सांगतलं ते चुकलं. रऊफच्या भाजीत काही नाही. चूक माही हाय… शामराव कोतवालाची." हापशीवर म्हणाले, विहारापुढे म्हणाले. एका मोटारसायकलवाल्या तरुणानं टोकलं, "टीव्हीवाले एवढे मोठाले लोकं खोटे, आन् तुमी खरे काय?" ते म्हणाले, "टीव्हीचं मले मालूम नाही. माहं मले मालूम हाय." मशिदीच्या कोपऱ्यावर रऊफचं घर. दार बंद होतं. तिथेही तितक्याच जोरात, कमी नाही आणि जास्त नाही. वरच्या आळीत एक म्हातारी कुंपणाआडून म्हणाली, "असं सोताच्या तोंडानं कोनी सांगते काय शामराव?" आठ ठिकाणं झाल्यावर घरी आले, पाणी प्याले, आणि दिवसाढवळ्या जे झोपले ते संध्याकाळी उठले.

एवढ्यानं सगळं ठीक झालं असं नाही. काही दारं उघडली, काही उघडली नाहीत. रऊफ पंधरा दिवस आलाच नाही, शेजारच्या गावात फिरत होता. मोठेबाबांना वाटत होतं की आता तो टीव्हीवाला पण मागे घेईल. रोज संध्याकाळी टोपी घालून बसायचे आणि वाट पाहायचे. मग त्यांनी पडद्यावर खाली पळणारा नंबर लिहून घेतला आणि मला न सांगता फोन लावला. यंत्रातली बाई बोलायला लागली तर तिलाच अदबीनं म्हणाले, "बाई, त्या कोटवाल्या साहेबाले सांगा, तुमी सांगतलं ते आमच्या गावात तरी नाही निंगालं. तुमी सोता पाह्यलं व्हतं काय, एवढंच इचाराचं हाय." बाई म्हणाली, एक दाबा. त्यांनी एक दाबलं. मग दोन दाबलं. गाणं लागलं… अर्धा तास त्या गाण्यात घालवून त्यांनी फोन ठेवला. मला सांगितलं तेव्हा मी हसले नाही, एवढी तरी अक्कल मला तोवर आली होती. त्या दिवशी ते जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. म्हणाले, "सुनंदा, मले वाटे थो माह्यापेक्षा मोठा कोतवाल हाय. पन थो कोतवाल नाहीच. त्याले बोलून झाल्यावर त्याच गल्लीतून घरी जा लागत नाही ना."

रऊफ आला तेव्हा पावसाळा तोंडावर होता. गाडी आमच्या दारात थांबली. मोठाईनं अर्धा किलो वांगी मागितली, त्यानं तोलली. मोठेबाबा दारात उभे. रऊफ तराजूकडे बघतच म्हणाला, "मनातून गेलं नाही काका. जाईन हळूहळू." मोठेबाबा म्हणाले, "एवढ्या लवकर जाऊ नोको देऊ. मलेबी ध्यानात राह्यते मंग." रऊफनं वांग्यांवर एक लिंबू टाकलं. तो रोजच टाकायचा, त्यात काही विशेष नव्हतं. पण मोठाई म्हणते, त्या दिवशी म्हाताऱ्यानं त्या लिंबाचं सरबत केलं आणि एकट्यानं पिलं.

मोठेबाबांनी टीव्ही सोडला नाही. ते म्हणाले तसं मी लिहिते, "पाहाले काय जाते?" फक्त आता आवाज बारीक करून पाहायचे आणि एखादी खबर मोठी वाटली की मला फोन. "थो म्हनून राह्यला की साखर खाल्ली की डोळे जाते. खरं हाय काय?" मला पेपर तपासायचे असायचे, स्वयंपाक असायचा, मी वैतागायची. म्हणायची, मला काय माहीत, मी डॉक्टर आहे काय? तर म्हणायचे, "मंग डाक्टरले इचार ना. मी थांबतो." आणि खरंच थांबायचे. दोन-दोन दिवस त्या खबरीवर बसून राहायचे, शेजाऱ्याला सांगायचे नाहीत. हळूहळू आळीतली माणसं त्यांच्याकडे येऊ लागली: काका, फोनमध्ये हे आलंय, खरं आहे काय? "मालूम नाही. इचारून सांगतो." गावाला हा 'मालूम नाही' पुन्हा आवडू लागला. दुधीचा रस मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. त्याबद्दल कोणाला विचारायला ते तयार नव्हते.

ते गेले त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. अंगणात माणसं मावत नव्हती. रऊफनं सकाळी भाजी घरी उतरवून ठेवली होती आणि रिकामी गाडी घेऊन गावभर फिरला होता. गाडीवर त्याचा भोंगा आहे, रोज 'आलू कांदे टमाटे' ओरडणारा. तो बंद होता. आठही ठिकाणी उभं राहून त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं, कोतवाल काका गेले, दुपारी तीन वाजता नेणार आहेत, मी पाहून आलो. शेवटचे तीन शब्द त्यानं प्रत्येक ठिकाणी म्हटले, असं मला चार जणांनी वेगवेगळं सांगितलं. विहारातल्या वंदनेच्या वेळी तो बाहेर चपलांपाशी उभा होता. मोठाईनं त्याला हाताला धरून आत आणलं.

इथे खरं तर हा लेख संपायला हवा होता, आणि मागच्या आठवड्यात मी तो इथेच संपवायचं ठरवलंही होतं. पण मग जे झालं ते लिहिल्याशिवाय मला मोठेबाबांबद्दल लिहिण्याचा अधिकार राहत नाही.

मी ज्या शाळेत शिकवते ती पोडावरची शाळा आहे. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. पोरं थोडी, मी आणि आणखी एक गुरुजी. मीही रात्री कोणाला तरी ऐकते. मोठेबाबांच्या कोटवाल्याला नाही हो, तसल्यांना मी बघतही नाही. माझा जाणकार सौम्य आहे, चष्मा आहे, मागे पुस्तकांचं कपाट आहे, आवाज कधी चढत नाही. तो गेल्या सोमवारी म्हणाला की जूनपासून अशा लहान शाळा बंद होणार, ठरल्यातच जमा आहे. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना सोडायला आलेल्या आयांना फाटकातच उभं करून मी सांगितलं, आपली शाळा बंद होतेय, आवाज उठवा. मला वाटलं, मी त्यांना जागं करतेय. गुरुवारी सात घरांतून दाखल्यासाठी अर्ज आले. शाळा बंदच होणार, तर पोरांचं नाव आताच कळंबला घातलेलं बरं, हा त्यांचा साधा हिशोब. शुक्रवारी मी पंचायत समितीच्या ऑफिसात गेले. साहेबांनी फाइल काढून दाखवली. आमच्या शाळेबद्दल कुठे काही नव्हतं. "मॅडम, तुम्हाला कोणी सांगितलं?" मी दाखल्यांचे अर्ज त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी समोरचे सात अर्ज पाहिले आणि म्हणाले, "एवढी पोरं गेली, तर मात्र करावी लागेल बंद." शाळा बंद करायचं कुणाच्याही मनात नव्हतं, आणि ती मी बंद करायला निघाले होते… तोंडानं.

पालकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकून मोकळं होता आलं असतं. लिहिल्याही होत्या. अंगठा बटणावर होता. पण सातपैकी तीन घरांत फोनच नाही, आणि खरं सांगायचं तर ते कारणही नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी पोडावरच्या घरांकडे पायी निघाले. पहिल्या घरापाशी पोहोचले आणि नुसतीच खाकरले. मोठेबाबा पंचायतीसमोर दोनदा का खाकरले होते ते तेव्हा समजलं. पस्तीस वर्षं खडू धरलेली बाई मी, पोरांच्या चुकांवर लाल पेन चालवणारी. स्वतःची एक चूक तोंडातून निघेना. आतून सोनीची आई बाहेर आली. हात पिठाचे होते. मी म्हणाले, "मंगळवारी मी शाळेचं सांगितलं, ते मी कोणाला विचारलं नव्हतं. टीव्हीत ऐकलं आणि तुम्हाला सांगितलं. सांगितलं ते चुकलं. शाळा बंद होत नाही. चूक माझी आहे."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे टीव्हीवाला खोटं बोलला काय, मॅडम?"

मी म्हणाले, "त्याचं मला माहीत नाही. तुम्हाला मी सांगितलं होतं."

तिनं हात पदराला पुसले, "बसा, पानी आनतो," म्हणाली आणि आत गेली. आतून सोनीला सांगताना तिचा आवाज आला, सोमवारी शाळेत जायचंय, दप्तर कुठं टाकलं ते पाहा. मी पाणी प्याले आणि उठले. अजून सहा घरं राहिली होती.